खांबाने न लिहिलेला मार

खांबाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या कानामागून रक्त ओघळत होतं आणि तो एका माणसाला पाणी पाजत होता. ज्याला पाजत होता, त्यानेच दोन मिनिटांपूर्वी खांबाचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं होतं. हे मला नंतर कळलं, कारण विचारल्यावर खांब एवढंच म्हणाला, "काही नाही बाई, जरा घसरलो." फरशी कोरडी ठणठणीत होती. ते मला दिसत होतं आणि तरी मी मान डोलावून पुढे गेले. या हकिकतीत माझ्या हातून जे जे चुकलं त्याची सुरुवात तिथे आहे, म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

मी मनोरुग्णालयाच्या संशोधन विभागात होते. काम फॉर्म गोळा करायचं, आकडे तपासायचे आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. वॉर्डात मला फॉर्मबाई म्हणत. मोठे डॉक्टर सहा वर्षं एका औषधाच्या मागे हात धुऊन लागले होते. औषधाला अजून नाव नव्हतं, नुसता आकडा होता, सतरा. त्याच्या आधीचे सोळा उंदरांच्या पिंजऱ्यातच संपले. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या मेंदूत नेमकं काय बिनसतं ते डॉक्टरांनी मला बाहेरच्या खुर्च्यांकडे बोट दाखवून समजावलं होतं. "मेंदूत अशा जागा असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. ती खुर्ची समजा. एक रसायन येऊन तिच्यावर बसतं आणि गोंगाट सुरू होतो. जुनी औषधं खुर्ची अडवून ठाण मांडतात. गोंगाट थांबतो, पण माणूसही थांबतो. लाळ गळते, हात थरथरतात. आमचं सतरा खुर्चीच्या कडेला अर्धंच टेकतं. दुसऱ्याला बसू देत नाही आणि स्वतः पसरत नाही."

"म्हणजे घाईतला पाहुणा," मी म्हटलं.

ते हसले, आणि पुढे दोन परिषदांत त्यांनी ते वाक्य स्वतःचं म्हणून खपवलं. असो.

एक गोष्ट इथेच ठणकावून सांगते, कारण लोक अर्धवट ऐकतात आणि उरलेलं मनाने जोडतात. हा आजार असलेल्या शंभरातल्या फार थोड्यांचा हात दुसऱ्यावर उठतो. बाकीच्यांना लोक घाबरतात त्यापेक्षा ते लोकांना जास्त घाबरतात, आणि त्यांच्याकडे घाबरायला कारणंही जास्त असतात. अंगावर वळ घेऊन आलेले मी खूप पाहिले, ते वळ बहुधा घरातल्यांनी दिलेले असत. पण आमच्या वॉर्डात त्या थोड्यांनाच निवडून आणलं होतं. सतरा नंबरचं औषध हिंसा कमी करतं का, हेच तर बघायचं होतं. चोवीस खाटा. बाराजणांना सतरा, बाराजणांना जुनी गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे पाकिटं भरणाऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

फॉर्म माझा होता. डॉक्टरांनी सांगितला, मी आखला, आणि मला त्याचा फार अभिमान होता. चार रकाने. ओरडणं एक, वस्तू मोडणं दोन, स्वतःला इजा तीन, दुसऱ्याला इजा चार. प्रत्येक पाळीच्या शेवटी कामावरच्या वॉर्डबॉयने आकडा लिहायचा. आठवड्यात दोनदा चार आला की तो रुग्ण चाचणीतून बाद. बाद म्हणजे मनगटाला आणि घोट्याला चामडी पट्टे, आणि मागची बंद खोली. त्या खोलीत मी एकदाच गेले. भिंतीवर कपाळाच्या उंचीला एक गुळगुळीत, काळा पडलेला गोल होता. तो कशाने पडला हे विचारायची गरज पडली नाही.

आता खांब. वॉर्डबॉय म्हणायचं, पण वय पन्नासच्या पुढे. आधी तो धान्याच्या गोदामात पोती उचलायचा. त्याचे खांदे बघून इथल्या मुकादमाने त्याला बोलावून घेतलं. खांब हे नाव त्याला नर्सेसनी दिलं, कारण वॉर्डात मारामारी उसळली की तो मध्ये जाऊन उभा राहायचा, बस. हात उगारायचा नाही, धरायचाही नाही. एक खांदा पुढे, हनुवटी आत, पोट आवळलेलं. समोरचा मारून मारून दमला की त्याला बसवायचा. ही कला त्याने घरी शिकली. बाप दारू पिऊन आईच्या अंगावर जायचा आणि हा सहा-सात वर्षांचा असल्यापासून मध्ये शिरायचा. "बापाचा हात लवकर दुखायचा," तो मला एकदा म्हणाला, अगदी मजेत. "मला फक्त तेवढा वेळ काढायचा असायचा."

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी बसली होती. डाव्या कानाची पाळी कुणीतरी चावून नेलेली. खालचे पुढचे दात स्टीलच्या ताटाने पाडलेले. रुग्णाने जेवणाचं ताट कडेला धरून सरळ तोंडावर मारलं होतं, आणि खांबाने तोंडातलं रक्त गिळून त्याचं सांडलेलं जेवण गोळा केलं होतं. ही गोष्ट सांगताना इतर वॉर्डबॉय हसून लोळायचे. मीही हसले आहे.

त्या सगळ्यांची एक रीत होती. आपल्याला बसलेला मार लिहायचा नाही. नर्सला मारलं तर लिहायचं, दुसऱ्या रुग्णाला मारलं तर लिहायचं, डॉक्टरांच्या नुसत्या कोटाला हात लागला तरी लिहायचं. आपल्याला लागलं तर तोंड धुवायचं आणि कामाला लागायचं. ही रीत माझ्या फॉर्मच्या कितीतरी आधीची. लिहिलं की त्या बिचाऱ्याला पट्टे, आणि वर साहेब विचारणार, तू त्याला काय केलंस. शिवाय अंगाने धिप्पाड माणसाने मार खाल्ल्याचं कागदावर लिहून द्यायचं म्हणजे लाज. माया, भीती आणि मिजास, तिन्हीची मिळून ती रीत झाली होती. मला कुणी सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नाही. आणि मी विचारली नाही, कारण माझे रकाने स्वच्छ होते.

अकरा वर्षं आत असलेला एक रुग्ण होता, सगळे त्याला टेलर म्हणत. खांब एकटा मास्तर म्हणायचा. पुरुषांचे कपडे शिवण्यात एके काळी त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मग त्याला वाटायला लागलं की आपल्या भोवतीची माणसं कुणीतरी पळवली आहेत आणि त्यांच्या जागी हुबेहूब तसेच, आत चिंध्या भरलेले पुतळे आणून ठेवले आहेत. एका गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्याने त्याच्या मांडीत कात्री खुपसली, आत काय भरलंय बघायला. गिऱ्हाईक बोंबलत पळालं, वाचलं. टेलर इथे आला.

त्याला एक मोठी बहीण होती. लग्न न केलेली. दर रविवारी ती यायची आणि जाळीपलीकडून त्याच्याशी बोलायची. धाकट्याचं शिलाई मशीन तिने अकरा वर्षं पुसून ठेवलं होतं. "याला एकदा घरी न्यायचाय," ती खांबाला म्हणायची. "भाऊ, तुम्ही मनावर घेतलंत तर होईल." आणि खांबाने ते मनावर घेतलं. स्वतःची मुलगी उजवताना बापाला जशी घाई असते तशी घाई त्याला टेलरला घरी पाठवायची होती. नव्वद दिवसांच्या चाचणीत आकडा शून्यावर येऊन टिकला तर टेलरला चार दिवस घरी सोडणार, मग महिनाभर, मग कायमचं. खांबाला ते पाठ होतं.

पहिल्या पंधरा दिवसांत टेलरने एका नर्सचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि शेजारच्या खाटेवरच्याचं नाक फोडलं. दोनदा चार आला, पण वेगवेगळ्या आठवड्यांत, म्हणून वाचला. तेव्हा खांबाने मुकादमाला सांगून आपली खुर्ची टेलरच्या खाटेला लावून घेतली. त्यानंतर आकडे उतरले. चार नाही, तीन नाही, कधीमधी एक, आणि विसाव्या दिवसापासून शून्य. शून्य, शून्य, शून्य. मी ते आलेखावर चढवले तर रेघ जिन्यासारखी खाली आली. मोठ्या डॉक्टरांनी ती रेघ भिंतीवर लावली. टेलर जास्त बोलायला लागला होता, अंघोळ करायला लागला होता, हेही खरं. औषधाने काहीतरी होत होतं. पण तो जवळजवळ रोज मारत होता, हेही तितकंच खरं, आणि ते फक्त खांबाला. मूठ, कोपर, गुडघा. एकदा लोखंडी खाटेचा पाय उपसून बरगडीत. खांब त्याला संडासाच्या आडोशाला नेऊन मारून घ्यायचा, कुणी बघू नये म्हणून. आणि पाळी संपली की वाकड्या बोटांनी पेन धरून शून्य लिहायचा.

तो खोटं लिहीत होता असं मी म्हणणार नाही. त्याला मनापासून वाटत होतं की टेलर सुधारतोय. आधी कुणालाही मारायचा, आता फक्त मला मारतो, म्हणजे फरक पडलाच की. आपण कुणीतरी आहोत आणि आपल्याला मारणं म्हणजेही कुणालातरी मारणंच, हा हिशेब त्याच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता.

नव्वदाव्या दिवशी बहीण रिक्षा घेऊन आली. खांबाने टेलरची दाढी केली, स्वतःचा एक सदरा त्याला घातला. सदरा त्याला तंबूएवढा झाला. टेलर शिवण बघून म्हणाला, "कुणी शिवलाय हा? हात तोडला पाहिजे त्याचा." सगळे हसले. मी बहिणीच्या हातात घरी भरायचे चार कोरे फॉर्म दिले आणि कसे भरायचे ते समजावलं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणानंतर टेलरने तिला मारलं. दुकानातली ती वजनदार इस्त्री असते ना, तिने. पहिला घाव तोंडावर, जबडा निखळला. ती भिंतीला टेकली, तेव्हा दुसरा डोक्यावर. नंतरचे किती ते डॉक्टरांनाही मोजता आले नाहीत. तोंडावळा उरला नव्हता. पोलीस आले तेव्हा तो तिच्याजवळ बसून तिच्या बाहीची शिवण उसवत होता, आतून चिंध्या निघतील म्हणून, आणि त्याच्या कोपरापर्यंत रक्त होतं. पातळ भिंतीपलीकडे शेजारीण भांडी घासत होती. तिने पोलिसांना सांगितलं, धपधप ऐकू आली, वाटलं कपडे बडवताहेत. बाईची किंकाळी नाही, शब्द नाही.

मशीनच्या खणात माझे फॉर्म सापडले. पहिला दिवस शून्य. दुसरा शून्य. तिसरा शून्य, सुबक अक्षरात, खाली सही. शवविच्छेदनात तिच्या दंडावर आणि पाठीवर दोन-तीन दिवसांपूर्वीचे वळ निघाले. मी ते फॉर्म हातात घेऊन पाहिले. ते शून्य कसं लिहिलं जातं, हे मला त्या क्षणी कळलं.

मी तडक वॉर्डात गेले. खांब टेलरच्या रिकाम्या खाटेची चादर काढत होता. बातमी त्याला कळली होती. मी म्हटलं, "भाऊ, सदरा काढा." त्याने चादरीची घडी घातली. मी पुन्हा म्हटलं. त्याने बटणं सोडली. छातीपासून कमरेपर्यंत माणसाच्या कातडीचा रंग कुठे शोधूनही सापडेना. जांभळं, हिरवं, पिवळं, आणि काखेखाली दातांची दोन अर्धवर्तुळं.

"हे कुठल्या फॉर्मवर लिहिलंय?" मी विचारलं.

"हे कुठे लिहितात बाई," तो म्हणाला.  मला त्याचा इतका संताप आला की मीच त्याला मारलं असतं. आणि स्वतःचा त्याहून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीत आला, सोबत बायको. खांद्यापर्यंत येणारी, बारकी, तुरुतुरु चालणारी बाई. "हिला विचारा," तो म्हणाला. "मला काही तारीखवार सांगता यायचं नाही. रोज हीच मलम लावते."

ती खुर्चीवर बसली आणि बोलायला लागली. मी कोरे फॉर्म पुढे ओढले. "बाविसाव्या दिवशी? थांबा. त्या सोमवारी माझी नणंद आली होती, यांचा हात वर होईना, भरवावं लागलं. डावी बाजू. मंगळवारी काही नाही. बुधवारी नाकातून रक्त, उशीचा अभ्रा मी दोनदा धुतला. शुक्रवारी लघवीतून रक्त." खांब मान खाली घालून उभा होता. ती थांबत नव्हती. धुतलेल्या कपड्यांवरून, तुटलेल्या बटणांवरून, कोणत्या कुशीवर झोपता आलं नाही त्यावरून ती एकेक दिवस काढून देत होती. "मी यांना म्हणायची, तुमची पाठ म्हणजे सरकारी मालमत्ता, घरी आणत जाऊ नका. हसायचे." सत्तर दिवसांत एकसष्ट वेळा. एकसष्टाव्यानंतर तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि बाई, तुम्ही इतके दिवस मोजत काय होता?"

मी एकसष्टाव्या फॉर्मवर चार लिहिला. 

खांबाचं बघून इतर वॉर्डबॉयही तोंड उघडायला लागले. एकाने चावे सांगितले, एकाने फुटलेला कानाचा पडदा. ते सगळं चढवल्यावर, कुणाला कुठलं औषध दिलं ते सांगणारी पाकिटं उघडली. सतरा नंबरवाल्यांत आणि जुन्या गोळीवाल्यांत मारण्याच्या बाबतीत सूतभरही फरक नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी भिंतीवरची रेघ ओरबाडून काढली आणि पेपरवेट कपाटाच्या काचेवर फेकलं. "माझी सहा वर्षं," ते खांबावर ओरडले. "सहा वर्षांचं वाटोळं केलंस तू."

खांब म्हणाला, "साहेब, ती बाई गेली."

डॉक्टर खाली बसले. काचा तशाच पडल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी खरे आकडे पाठवले, सतरा नंबर बंद केला, स्वतःच्या सहीने. त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. दाबून टाकणारे मी पाहिले आहेत.

कोर्टाच्या हुकमाने चार महिन्यांनी टेलर परत आला. मागच्या भागात, जाळीच्या दाराआड. तिथलं काम नको म्हणून सगळे कानावर हात ठेवत होते, खांबाने मागून घेतलं. बायको त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. जाताना त्याने तिला एकच शब्द दिला, या वेळी लिहीन.

मी फॉर्म घ्यायला गेले होते, सकाळचे दहा वाजले असतील. टेलर भिंतीला पाठ लावून बसला होता. खांबाने ताट खाली ठेवलं आणि तो सरळ व्हायच्या आत टेलरने उठून त्याच्या तोंडावर कोपर मारलं. नंतर पोटात. नंतर पुन्हा तोंडावर, आणि ओठ फाटून रक्ताचा शिंतोडा माझ्या कागदांवर उडाला. मी किंचाळले. खांबाने नेहमीसारखा खांदा पुढे केला नाही. तो मागे सरला, तोंड धरून मोठ्याने विव्हळला, तसाच टेबलापाशी आला आणि फॉर्मवर त्याने चार लिहिला. माझ्या देखत. आकडा रकान्याबाहेर गेला.

टेलर हात खाली सोडून त्याच्याकडे बघत राहिला.

"तुला लागतं?" त्याने विचारलं.

"लागतं, मास्तर."

"खरंच लागतं? आधीही लागायचं?"

"पहिल्या दिवसापासून."

टेलर जवळ आला. मी दाराकडे सरकले. त्याने एक बोट पुढे करून खांबाच्या फाटलेल्या ओठाला लावलं, रक्त बोटावर घेऊन बघितलं, बोटांत चोळून बघितलं. "मला वाटलं तू भरलेला आहेस," तो म्हणाला. "तू आवाजच करायचा नाहीस. जे आवाज करत नाहीत ते भरलेले असतात. मी रोज तपासायचो." मग त्याचा चेहरा एकदम लहान मुलाचा झाला. "ताईनेही आवाज केला नाही. इतकं मारलं तरी नाही. ती तर ताईच होती ना? मग ती ओरडली का नाही?"

खांबाने पेन टेबलावर ठेवलं. बाहेर पट्टे घेऊन येणाऱ्यांची पावलं वाजत होती.

"तू इथे परत येऊ नयेस म्हणून," तो म्हणाला.